पॅटनच्या वाळवंटातील चाकोऱ्या

१९४२ साली कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातून एकदाच गेलेल्या रणगाड्याची चाकोरी ८० वर्षांनंतरही जमिनीवर दिसते. काही ठिकाणी ती आकाशातून घेतलेल्या छायाचित्रांतही ओळखू येते. ज्या सैन्याने ती उमटवली त्याच्या तुकड्या विखुरल्या, ज्या युद्धासाठी सराव चालला होता ते संपले, बहुतेक रणगाडे भंगारात गेले. माग मात्र राहिला.

त्याच जमिनीवर त्याच काळातील लष्करी मोटारसायकल पुन्हा पळवावी, रस्ता सोडून, दगडगोट्यांतून, क्रियोसोटच्या झुडपांना वळसे घालत, अशी ओढ जुन्या वाहनांच्या शौकिनांना वाटते. ही ओढ समजण्याजोगी आहे. सैनिकाने जे अनुभवले ते त्याच यंत्रावर, त्याच जागी अनुभवणे यापेक्षा इतिहासाच्या अधिक जवळ कोणी कसे जाणार? तरीही या जागेपुरते उत्तर नकारार्थीच द्यावे लागते. कारण नियमाच्या पुस्तकात नंतर सापडते, आधी ते जमिनीत सापडते.

प्रथम ही जागा कोणती ते पाहू.

१९४२च्या आरंभी उत्तर आफ्रिकेत रोमेलची सेना ब्रिटिशांना मागे रेटत होती. अमेरिका युद्धात उतरून जेमतेम तीन महिने झाले होते आणि तिच्या सैन्याला वाळवंटातील लढाईचा काहीही अनुभव नव्हता. मार्चमध्ये मेजर जनरल जॉर्ज पॅटन यांनी आग्नेय कॅलिफोर्नियाची पाहणी केली. स्वतः पॅटन याच राज्यात जन्मले आणि वाढले होते. वस्ती विरळ, पाऊस नाममात्र, उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर, जवळून रेल्वे गेलेली आणि कोलोरॅडो नदीचे पाणी लॉस एंजेलिसकडे नेणारा कालवाही त्याच भागातून जाणारा. सरावासाठी याहून सोयीची गैरसोय सापडणे कठीण होते.

‘डेझर्ट ट्रेनिंग सेंटर’ असे या क्षेत्राचे नाव ठेवण्यात आले. इंडिओ गावाच्या पूर्वेस, आज चिरियाको समिट म्हणतात त्या खिंडीजवळ मुख्य छावणी उभी राहिली, तिचे नाव कॅम्प यंग. पुढे कॉक्सकोंब, आयर्न माउंटन, ग्रॅनाइट, क्लिपर, आयबिस अशा छावण्या कॅलिफोर्नियात आणि बाउस, हॉर्न, हायडर, लगुना या ॲरिझोनात वसल्या. क्षेत्र सुमारे ४६ हजार चौरस किलोमीटरचे, म्हणजे महाराष्ट्राच्या सातव्या हिश्शाएवढे किंवा किंचित जास्तच. १९४४च्या वसंतात ते बंद होईपर्यंत दहा लाखांच्या आसपास सैनिक येथून तयार होऊन गेले. पॅटन स्वतः मात्र काही महिनेच येथे होते. उन्हाळा सरण्यापूर्वीच मोरोक्कोवरील चढाईच्या आखणीसाठी त्यांना बोलावणे आले.

गंमत अशी की मे १९४३मध्ये आफ्रिकेतील लढाई संपली, आणि या वाळवंटातील सराव त्यानंतरही वर्षभर चालूच राहिला. वाळवंटासाठी तयार केलेले सैनिक पुढे फ्रान्सच्या कुंपणांतून आणि जर्मनीच्या चिखलातून लढले.

छावण्या तंबूंच्या होत्या. विटांच्या इमारती नव्हत्याच, त्यामुळे ‘अवशेष’ म्हणून जे उरले ते अगदी जमिनीलगत आहे. दगडांच्या ओळींनी आखलेल्या पायवाटा, तंबूंच्या चौकटी, आयर्न माउंटनच्या छावणीत प्रार्थनेसाठी रचलेल्या दगडी वेदी, आणि तेथेच सैनिकांना भूप्रदेश समजावण्यासाठी जमिनीवर उभारलेला डोंगरदऱ्यांचा मोठा उठावाचा नकाशा. याखेरीज मैलोगणती पसरलेले माग. रायगडाची तटबंदी डोळ्यांत भरते, इथे तसे काहीच नाही. पाहणाऱ्याला खाली मान घालून पाहावे लागते. गाडीवरून जाणाऱ्याला यातले निम्मे दिसतही नाही.

आता मोटारसायकलकडे वळू, कारण तिच्याविषयी तरुण इतिहासप्रेमींच्या मनात असलेले चित्र बरेचसे चित्रपटांनी रंगवलेले आहे.

अमेरिकी सैन्याची मुख्य मोटारसायकल म्हणजे हार्ले-डेव्हिडसन डब्ल्यूएलए. सुमारे ७४० सीसीचे, बाजूला व्हॉल्व्ह असलेले व्ही आकाराचे दोन सिलिंडरांचे इंजिन, ताकद पंचवीस अश्वशक्तीच्या आतबाहेर, वजन अडीचशे किलोच्या घरात. पुढे स्प्रिंगचा काटा, मागे मात्र काहीही नाही. मागचे चाक चौकटीलाच घट्ट बसवलेले, धक्के सोसायचे ते खोगिराखालच्या स्प्रिंगने आणि स्वाराच्या कण्याने. पुढच्या काट्याशी थॉमसन बंदुकीसाठी चामड्याची म्यान, मागे सामानासाठी भक्कम कॅरिअर, इंजिनाखाली दगड लागू नयेत म्हणून लोखंडी तवा.

तिचे नियंत्रण आजच्या स्वाराला चक्रावून टाकते. क्लच डाव्या पायाखाली. गिअर टाकीच्या डाव्या बाजूच्या दांड्याने, हाताने बदलायचे, आणि तेही तीनच. उजव्या मुठीत वेग, डाव्या मुठीत ठिणगीची वेळ पुढेमागे करण्याची सोय. म्हणजे रेताड उतारावर गिअर बदलताना डावा हात हँडलवरून काढायचा, डावा पाय क्लचवर ठेवायचा आणि तोल फक्त उजव्या अंगाने सांभाळायचा. हे कागदावर वाचून कळत नाही. पाच मिनिटे चालवून कळते, आणि मग एकोणीस वर्षांचा मुलगा रात्री दिवे झाकून, दुसऱ्या गाड्यांच्या धुळीत हे करत होता, या वाक्याला वजन येते.

म्हणून जुन्या लष्करी मोटारसायकली चालवणाऱ्यांना ‘हौशी पोरखेळ करणारे’ म्हणून उडवून लावणे चुकीचे आहे. यंत्र चालवून पाहणे हीसुद्धा इतिहासाच्या अभ्यासाची एक रीत आहे. संग्रहालयात काचेमागे उभ्या असलेल्या गाडीला वास नसतो, ती गरम होत नाही, बंद पडत नाही. युद्धातल्या गाड्या बंद पडत असत, हे बंद पडणारी गाडीच सांगू शकते. या लोकांनी गोठ्यांतून, भंगाराच्या ढिगांतून गाड्या वेचून काढल्या नसत्या तर निम्मे ज्ञान नष्ट झाले असते.

परंतु ज्या प्रतिमेसाठी त्यांना रस्ता सोडायचा असतो ती प्रतिमा कितपत खरी आहे, हे पाहायला हवे.

युद्धापूर्वीच्या कल्पनेत मोटारसायकल ही घोड्याची वारसदार होती. चिलखती दलाच्या पुढे धावून टेहळणी करणारी, झाडाझुडपांतून वाट काढणारी. फोर्ट नॉक्स येथे सैनिकांना उंचवट्यांवरून उड्या मारण्यापर्यंत शिक्षण दिले जाई, त्याची १९४२ची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. तेव्हा ‘सैनिक रस्ता सोडून चालवतच नसत’ असे म्हणणे खोटे ठरेल. मात्र प्रत्यक्षात काय घडले? जीप आली. चार चाकांना जोर, चार माणसे, एक मशीनगन, वायरलेस, शिवाय पाण्याचे डबे. ती शिकायला सोपी होती आणि वाळूत आडवी पडत नव्हती. सहा लाखांहून अधिक जीप बनल्या आणि टेहळणीचे काम मोटारसायकलच्या हातून निसटले. उरले ते संदेशवहन, लष्करी पोलिसांची गस्त, ताफ्यांच्या पुढेमागे धावून चौकाचौकांत वाहतूक वळवणे. हे सारे रस्त्यावरचे काम. डब्ल्यूएलएचा खरा रणांगणी अनुभव म्हणजे रणगाड्यांच्या आणि ट्रकांच्या रांगेशेजारून, कच्च्या रस्त्याच्या कडेने, तोंडाला फडके बांधून धूळ खात जाणे.

वाळवंटासाठी वेगळी मोटारसायकल बनवण्याचा प्रयत्न झालाच नाही असे नाही, आणि ती कथा या वादात फार बोलकी आहे. वाळू चेनमध्ये शिरते, चेन घासते, तुटते. जर्मनांच्या बीएमडब्ल्यूला चेन नव्हती, मागच्या चाकाला दांड्याने गती मिळे आणि सिलिंडर दोन्ही बाजूंना हवेत काढलेले असल्याने इंजिन थंड राही. अमेरिकी सैन्याने तशीच गाडी मागितली. हार्लेने बीएमडब्ल्यूच्या आर-७१ नमुन्यावरून एक्सए बनवली, इंडियन कंपनीने ८४१ हे मॉडेल पुढे आणले. दोघांच्याही हजार-हजार गाड्यांच्या आसपास तयार झाल्या आणि तिथेच थांबल्या. आफ्रिकेची मोहीम आटोपत आली होती, जीपने आपली उपयुक्तता सिद्ध केली होती. वाळवंटी मोटारसायकलचे भवितव्य वाळवंटात पोहोचण्याआधीच ठरले.

तेव्हा ‘जसे तेव्हा घडले तसे’ या हट्टापायी माळरानावर गाडी घालणारा शौकीन बहुतांशी युद्धापूर्वीच्या एका लष्करी स्वप्नाची नक्कल करत असतो. स्वप्नाची नक्कल करायला हरकत नाही, पण त्यासाठी खऱ्या युद्धाचा माग मोडू नये.

आणि माग मोडतो कसा, हे समजण्यासाठी या जमिनीची रचना समजून घ्यावी लागते. हा या विषयातला सर्वांत विलक्षण भाग आहे आणि मोटारसायकलीच्या गप्पांत तो सहसा येत नाही.

या वाळवंटाच्या मोठ्या पट्ट्यांवर दगडी फरस आहे. माणसाने घातलेली नव्हे, आपोआप घडलेली. मुठीएवढे, सुपारीएवढे दगड एकमेकांना इतके चिकटून बसलेले असतात की वरून पाहता गवंड्याने बसवल्यासारखे वाटावे. या फरशीची जाडी एकाच दगडाची असते. खाली दगड नसतात, असते ती पिठासारखी मऊ, बुडबुड्यांसारख्या पोकळ्या असलेली माती. पूर्वी असे मानत की वाऱ्याने धूळ उडवून नेली आणि दगड मागे राहिले. मोहावे वाळवंटातीलच सिमा या ज्वालामुखी प्रदेशात झालेल्या अभ्यासातून उलटे चित्र समोर आले. वाऱ्याने आणलेली धूळ दगडांच्या फटींतून खाली झिरपते, पाऊस तिला मुरवतो, आणि दगड हळूहळू वर उचलले जात पृष्ठभागावरच राहतात. धूळ खाली, दगड वर, असे हजारो वर्षे.

त्या दगडांवर काळसर, तुकतुकीत लेप चढतो, लोह आणि मँगनीजच्या संयुगांचा. त्यालाही हजारो वर्षे लागतात. चाकाखाली दगड उलटला की त्याची फिकट बाजू वर येते आणि काळ्या फरशीवर ती ठिपक्यासारखी चमकत राहते. १९४२चे माग आज जे दिसतात ते बहुतेक अशा उलटलेल्या, दाबलेल्या, बाजूला सरकलेल्या दगडांच्या रांगा आहेत.

जिथे फरस नाही तिथे अनेकदा जिवंत खपली असते. मातीच्या वरच्या काही मिलिमीटरांत सायनोबॅक्टेरियाचे सूक्ष्म धागे मातीचे कण बांधून ठेवतात, त्यांच्यासोबत दगडफूल आणि शेवाळ. या खपलीमुळे माती वाऱ्याने उडत नाही. ती कोरडी असताना अत्यंत ठिसूळ असते आणि या प्रदेशात ती वर्षातला बहुतेक काळ कोरडीच असते. जेन बेल्नॅप आणि स्टीव्हन वॉरेन यांनी २००२मध्ये पॅटनच्या मागांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे ६० वर्षांनंतर सायनोबॅक्टेरिया बऱ्याच अंशी परतले होते, झुडपांच्या सावलीत अधिक, उघड्यावर कमी, पण दगडफुलांची स्थिती त्याहून बरीच मागे होती. त्यापूर्वी १९८०च्या दशकात डग्लस प्रोज यांनी मोजमाप केले, तेव्हा मागांखालची माती शेजारच्या मातीहून घट्ट असल्याचे आढळले. माती घट्ट झाली की पाणी मुरत नाही. पाणी मुरले नाही की वर्षातून एखाद्या आठवड्यापुरती फुलणारी रानफुले तिथे उगवताना बिचकतात. सपाट भूमीवर उथळ चाकोरीसुद्धा पावसाच्या पाण्याची दिशा बदलते, आणि मग खालच्या अंगाच्या झुडपांचे पाणी तुटते.

इथे नेहमीचा प्रतिवाद येतो, आणि तो वरवर बिनतोड वाटतो. तीस टनी शर्मन रणगाड्यांनी, हजारो ट्रकांनी ही जमीन तुडवली. अडीचशे किलोची मोटारसायकल आता आणखी काय बिघडवणार?

दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. खोलवर माती दाबली जाते ती एकूण वजनामुळे, आणि तिथे रणगाड्याशी मोटारसायकलची बरोबरी नाही, हे मान्य. परंतु पृष्ठभाग फुटतो तो चौरस इंचामागे पडणाऱ्या दाबामुळे आणि चाकाच्या घसटीमुळे. रणगाड्याचे ओझे रुंद पट्ट्यांवर वाटले जाते, म्हणून तर तो वाळूत रुतत नाही. मोटारसायकलचे ओझे दोन अरुंद टायरांच्या तळहाताएवढ्या ठिपक्यांवर येते, आणि मागचे चाक जागच्या जागी फिरले की ते कुदळीचे काम करते. ज्या पृष्ठभागाची जाडीच एका दगडाची आहे, त्याला एवढे पुरेसे आहे.

दुसरी गोष्ट इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची. जमिनीचे नुकसान हा एक प्रश्न, जमीन वाचता येणे हा दुसरा. जुन्या कागदावर आधीच शाई आहे म्हणून त्यावर आणखी लिहायला हरकत नाही, असे मोडी लिपीचा कोणताही अभ्यासक म्हणणार नाही. १९४२चा माग म्हणजे शाई आहे. त्यावरून तुकड्या कुठून कुठे गेल्या, वळल्या कुठे, थांबल्या कुठे, हे सरकारी अहवालांत न लिहिलेलेही कळू शकते. त्यावर आजच्या टायरची रेघ ओढली की दोन्ही रेघा संशयास्पद होतात.

हा काल्पनिक धोका नाही. मे १९६४मध्ये अमेरिकी सैन्याने याच प्रदेशात ‘डेझर्ट स्ट्राइक’ नावाचा प्रचंड युद्धसराव केला. त्यात रणगाडे पुन्हा त्याच माळांवरून गेले. परिणामी आज कोणता माग पॅटनच्या काळचा आणि कोणता वीस वर्षांनंतरचा, हे ठरवताना संशोधकांची दमछाक होते. सैन्याने स्वतःचाच पुरावा स्वतःच गढूळ केला. त्यात हौशी स्वारांनी भर घालण्याचे कारण नाही.

हौशी स्वारांचाही या वाळवंटात स्वतःचा इतिहास आहे, तो सोडून पुढे जाता येणार नाही. युद्ध संपल्यावर लष्करी मोटारसायकली स्वस्तात विकल्या गेल्या. मराठी मुलखात जुने लोक ज्याला ‘डिस्पोजलचा माल’ म्हणत, तोच प्रकार. युद्धातून परतलेल्या तरुणांनी त्या घेतल्या, नको ते पत्रे काढून टाकले आणि मोकळ्या रानात पळवल्या. पुढे हलक्या ब्रिटिश आणि जपानी गाड्या आल्या, आणि वाळवंटी शर्यती हा दक्षिण कॅलिफोर्नियाचा खेळच बनला. १९६७पासून बारस्टो ते लास व्हेगस अशी शर्यत भरू लागली. १९७४मध्ये तिच्यात सुमारे तीन हजार स्वार उतरले, एकाच वेळी, एका आडव्या रांगेत सुटून. त्या दृश्याची भव्यता नाकारता येत नाही. मागे राहिलेली जमीनही नाकारता येत नाही. ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्रीय खात्याने पुढील वर्षी परवानगी दिली नाही, १९८३मध्ये शर्यत पुन्हा सुरू झाली, आणि १९८९नंतर कायमची थांबली. या वाळवंटातील कासवाची संख्या घसरत होती. १९९०मध्ये त्याला धोक्यातील प्राणी म्हणून कायद्याचे संरक्षण मिळाले. हे कासव आयुष्यातला बहुतेक काळ बिळात घालवते, आणि चाक गेले की बीळ ढासळते.

निक्सन यांच्या १९७२च्या आदेशाने केंद्राच्या खात्यांना सरकारी जमिनींवर कुठे वाहने चालावीत आणि कुठे नाही हे ठरवणे भाग पाडले. १९८०च्या कॅलिफोर्निया वाळवंट आराखड्यात बहुतेक भागात वाहनांना ठरलेल्या वाटा नेमून दिल्या गेल्या. काही मैदाने मात्र पूर्ण मोकळी ठेवली, जॉन्सन व्हॅली त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. तिचाही एक भाग पुढे मरीन दलाच्या सरावासाठी गेला, म्हणजे जमीन पुन्हा लष्कराकडे. स्वारांची तक्रार अशी की त्यांची मैदाने आकसत चालली आहेत. तक्रार खरी आहे. डेझर्ट सेंटर गावाजवळ, पॅटनच्या सरावक्षेत्रातच, २०१५मध्ये ५५० मेगावॅटचा सौरप्रकल्प पूर्ण झाला. त्याखाली गेलेली जमीन शेकडो मोटारसायकलींनी मिळूनही उखडली नसती. मोठ्याने केले तर विकास, लहानाने केले तर विध्वंस, हा न्याय कोणालाही बोचेल.

पण दुसऱ्याने अधिक नासधूस केली हे स्वतःच्या नासधुशीचे समर्थन होत नाही. उलट, जितकी जमीन कमी उरते तितका उरलेल्या प्रत्येक छावणीचा पुरावा मोलाचा होतो.

सर्वच जुन्या सरावभूमींना हाच नियम लावावा असेही नाही. इंग्लंडमधील सॉल्सबरी प्लेन या सरावक्षेत्रात रणगाड्यांच्या चाकोऱ्यांत पावसाचे पाणी साचते, आणि त्या तात्पुरत्या डबक्यांत फेअरी श्रिंप नावाचा दुर्मीळ, पारदर्शक, कोळंबीसारखा जीव वाढतो. त्याची अंडी कोरड्या मातीत टिकून राहतात आणि वाहनांच्या चाकांना लागलेल्या चिखलातून एका डबक्यातून दुसऱ्यात जातात. तिथे वाहने थांबली तर गवत माजून डबकी बुजतील. ओल्या, गवताळ, चुनखडीच्या जमिनीला चाक पोषक ठरू शकते. कॅलिफोर्नियाच्या फरशीला ते घातकच आहे. गाडी तीच, स्वार तोच, न्याय वेगळा, कारण जमीन वेगळी.

मग डब्ल्यूएलए घेऊन या वाळवंटात आलेल्याने करावे तरी काय? संग्रहालय पाहून परत जावे? चिरियाको समिटला १९८८पासून पॅटन यांचे स्मारक संग्रहालय आहे, बाहेर रणगाड्यांची रांग आहे, ते जरूर पाहावे. पण गाडी ट्रेलरवर बांधून परत नेण्याची गरज नाही.

कारण या क्षेत्राचे जुने रस्ते आजही आहेत. डेझर्ट सेंटरहून राइसकडे जाणारा रस्ता, जिथे तेव्हा लष्करी धावपट्टी होती. छावण्यांच्या तोंडापर्यंत जाणाऱ्या, वाहनांना खुल्या असलेल्या कच्च्या वाटा. ताफे याच बाजूने गेले, संदेशवाहक याच धुळीतून आले. मागच्या चाकाला स्प्रिंग नसलेली गाडी कच्च्या रस्त्यावरच्या आडव्या लाटांवरून तासभर चालवली की १९४२ पुरेसे हाडात शिरते, त्यासाठी झुडपे तुडवावी लागत नाहीत. शिवाय रस्ता सोडण्यात आणखी एक धोका आहे, तो इतिहासप्रेमींनी हसण्यावारी नेऊ नये. सरावात वापरलेला, न फुटलेला दारूगोळा या भागात अजूनही सापडतो.

काही शौकीन म्हणतील की एका गाडीने काय होते. एका रणगाड्याने काय झाले ते तिथेच, पायाशी दिसते आहे.

आयर्न माउंटनच्या छावणीला कुंपण आहे. गाडी बाहेर उभी करावी, इंजिन बंद करावे. गरम झालेले सिलिंडर थंड होताना टिकटिक वाजत राहतात, बाकी आवाज नसतो. आत पायी जावे, दगडांच्या ओळींमधून चालावे, कारण त्या ओळी सैनिकांनी चालण्यासाठीच आखल्या होत्या. सकाळी लवकर किंवा दिवस मावळताना गेल्यास उत्तम. किरणे तिरपी पडली की भर दुपारी न दिसणाऱ्या उथळ चाकोऱ्या सावलीच्या रेघांसारख्या उमटतात आणि त्या कोणत्या दिशेला वळल्या ते डोळ्यांनी मोजता येते.